५ लाख, २५ लाख, ५० लाख… निवडणूक आली की आरोग्य विम्याचा आकडा का वाढतो? आणि तो वाढवणं इतकं सोपं का असतं?

निवडणुकीचे दिवस आले की व्हॉट्सॲपच्या स्टेटसला एक पोस्टर हमखास दिसतं. नेत्याचा हात जोडलेला फोटो, बाजूला स्टेथोस्कोप आणि मधोमध मोठ्या अक्षरात लाखांचा आकडा. "इतक्या लाखांपर्यंत मोफत उपचार."

खाली कमेंटमध्ये भांडण ठरलेलं. एक जण लिहितो, "एवढे पैसे आणणार कुठून? राज्य कर्जात बुडवणार काय?" दुसरा लिहितो, "आमच्या तालुक्यात डॉक्टर नाही आणि हे २५ लाख वाटायला निघालेत."

पहिल्या माणसाची चिंता खरी आहे, पण गणित चुकलेलं आहे. दुसरा बोलतोय ते चिडून, पण नेमकं दुखणं त्यानेच पकडलंय. का, ते बघू.

आधी २०२४ सालचं महाराष्ट्रातलं चित्र आठवा. १ जुलैपासून महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचं कवच दीड लाखावरून ५ लाख झालं आणि ती राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना लागू झाली. १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली. २९ ऑक्टोबरला, धनत्रयोदशीच्या दिवशी, पंतप्रधान नरेंद्र मोदींनी दिल्लीत ७० वर्षांवरच्या सगळ्यांसाठी आयुष्मान भारतचं ५ लाखांचं कवच सुरू केलं. उत्पन्न कितीही असो, वय ७० असलं की झालं. त्यानंतर आठवड्याभरात, ६ नोव्हेंबरला, मुंबईत बीकेसीच्या सभेत महाविकास आघाडीने आपल्या पाच गॅरंट्या जाहीर केल्या. त्यातली एक होती २५ लाखांपर्यंतचा आरोग्य विमा आणि मोफत औषधं. २० नोव्हेंबरला मतदान झालं.

म्हणजे पाच महिन्यांत एकाच राज्यातल्या मतदारासमोर तीन घोषणा आल्या. आघाडी हरली, महायुती जिंकली, ५ लाख राहिले आणि २५ लाख पोस्टरवरच राहिले. पण हा २५ चा आकडा काही बीकेसीत जन्मला नव्हता. तो आला होता राजस्थानातून.

राजस्थानची चढती भाजणी

अशोक गहलोत सरकारने १ मे २०२१ ला चिरंजीवी योजना सुरू केली. सुरुवात ५ लाखांची. २०२२ मध्ये ते १० लाख झाले. २०२३ च्या अर्थसंकल्पात २५ लाख, आणि ते वर्ष निवडणुकीचं होतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये काँग्रेसने जाहीरनाम्यात सांगितलं, परत आलो तर ५० लाख.

काँग्रेस परत आली नाही. भाजपचं सरकार आलं, योजनेचं नाव बदलून मुख्यमंत्री आयुष्मान आरोग्य योजना झालं. काँग्रेसने मात्र २०२४ च्या लोकसभेच्या जाहीरनाम्यात २५ लाखांचा तोच विमा देशभर द्यायचं म्हटलं आणि मग तो आकडा महाराष्ट्रात पोहोचला.

आता विचार करा, अडीच वर्षांत ५ चे ५० लाख करायची तयारी एखादं सरकार दाखवतं. दहापट! शाळेच्या खोल्या, पगार, रस्ते, कशाचाही खर्च अडीच वर्षांत दहापट करायचं वचन कुणी देईल का? मग इथेच हे धाडस कसं होतं?

कारण हा खर्चाचा आकडाच नाही. ही मर्यादा आहे.

५ लाखांचं कार्ड म्हणजे सरकारने तुमच्या नावावर ५ लाख काढून ठेवले, असं नाही. तुमच्या कुटुंबाच्या एका वर्षातल्या उपचारांचं बिल ५ लाखांपर्यंत गेलं तर ते योजनेतून भरलं जाईल, एवढाच त्याचा अर्थ. वर्षभरात कुणी आजारी पडलं नाही तर त्या कार्डावर खर्च झालेली रक्कम शून्य. आणि ही मर्यादा माणशी नसते, पूर्ण कुटुंबाची मिळून असते.

मग प्रत्यक्षात किती खर्च होतो? केंद्र सरकारनेच ११ सप्टेंबर २०२४ ला, ७० वर्षांवरच्यांसाठीचा निर्णय जाहीर करताना सांगितलं होतं की आयुष्मान भारतखाली तोवर ७.३७ कोटी वेळा लोक रुग्णालयात दाखल झाले आणि त्यातून जनतेला १ लाख कोटींहून जास्त रुपयांचा लाभ झाला. भागाकार करून बघा. एका वेळच्या दाखल होण्यामागे सरासरी साडेतेरा हजार रुपयांच्या आसपास.

मर्यादा ५ लाख, सरासरी साडेतेरा हजार.

ही सरासरी आहे हे खरं. त्यात हृदयाची शस्त्रक्रियाही येते आणि एका दिवसात घरी सोडलेला रुग्णही येतो. पण एवढं नक्की, की बहुतेक लोक ५ लाखांच्या जवळपासही जात नाहीत. त्यामुळे मर्यादा ५ वरून २५ लाख केली तर फरक पडतो तो मूठभर कुटुंबांना: ज्यांच्या घरात अवयव प्रत्यारोपण आहे, कॅन्सरचे लांबलेले उपचार आहेत, महिनाभराचं आयसीयू आहे. त्या कुटुंबांसाठी हा फरक जमीन विकायची की नाही इतका मोठा असतो, तो कमी लेखायचं कारण नाही. पण सरकारच्या तिजोरीवरचा बोजा पाचपट होत नाही. त्याच्या कितीतरी कमी वाढतो.

म्हणून "पैसे आणणार कुठून" हा प्रश्न इथे फारसा लागू पडत नाही. आकडा पाचपट, खर्च थोडासा. प्रचाराच्या हिशेबाने याहून स्वस्तात पडणारं वचन सापडणं अवघड आहे.

महाराष्ट्रात हे कधीपासून चाललंय?

बरंच जुनं आहे. युतीच्या काळात १९९७ साली जीवनदायी आरोग्य योजना आली. काँग्रेस-राष्ट्रवादीच्या सरकारने २ जुलै २०१२ ला तिचं नवं रूप आणलं, राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना. आधी आठ जिल्ह्यांत: गडचिरोली, अमरावती, नांदेड, सोलापूर, धुळे, रायगड, मुंबई शहर आणि मुंबई उपनगर. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर गेली. पुढच्याच वर्षी लोकसभा आणि विधानसभा, दोन्ही होत्या. कुटुंबाला दीड लाख, किडनी प्रत्यारोपणासाठी अडीच लाख, ९७१ प्रकारचे उपचार. कार्ड पिवळं किंवा केशरी हवं.

२०१७ मध्ये देवेंद्र फडणवीस सरकारच्या काळात तिला महात्मा फुलेंचं नाव मिळालं. २३ सप्टेंबर २०१८ ला, लोकसभेच्या काही महिने आधी, रांचीतून आयुष्मान भारत सुरू झाली. १ एप्रिल २०२० पासून महाराष्ट्राने दोन्ही योजना एकत्र चालवायला घेतल्या. २८ जून २०२३ ला मंत्रिमंडळाने सगळ्यांना ५ लाख द्यायचं ठरवलं आणि ते प्रत्यक्षात यायला पुढचा जुलै उजाडला. किडनी प्रत्यारोपणाची मर्यादा साडेचार लाख झाली, उपचारांची संख्या १,३५६ झाली.

नावं बदलली, फोटो बदलले. पण एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. कोणत्याच सरकारने आधीच्याची योजना मोडीत काढली नाही. प्रत्येकाने ती वाढवलीच. याचं श्रेय काही प्रमाणात निवडणुकीलाच जातं. आंध्र प्रदेशात वाय. एस. राजशेखर रेड्डींनी २००७ मध्ये आरोग्यश्री सुरू केली, २००९ मध्ये ते परत निवडून आले आणि त्या विजयात या योजनेचा वाटा होता असं मानलं गेलं. तेव्हापासून देशातल्या जवळपास प्रत्येक मुख्यमंत्र्याला कळलं की उपचाराच्या कार्डावर मत मिळू शकतं. पश्चिम बंगालमध्ये ममता बॅनर्जींची स्वास्थ्य साथी डिसेंबर २०२० मध्ये सगळ्यांसाठी खुली झाली, २०२१ च्या निवडणुकीच्या तोंडावर. दिल्लीत २०२५ च्या निवडणुकीत आपने ६० वर्षांवरच्यांना अमर्याद मोफत उपचारांचं वचन दिलं, तर भाजपने आयुष्मानच्या ५ लाखांवर राज्याचे आणखी ५ लाख द्यायचं. भाजप जिंकली आणि एप्रिलमध्ये दिल्लीने आयुष्मानच्या करारावर सही केली.

त्यामुळे "निवडणुकीपुरतं आहे सगळं" असं म्हणून हात झटकणं मला पटत नाही. निवडणूक नसती तर यातलं निम्मंही झालं नसतं. अडचण वेगळी आहे. निवडणुकीला पोस्टरवर मावेल असा आकडा लागतो, आणि आरोग्यातल्या बऱ्याच महत्त्वाच्या गोष्टी पोस्टरवर मावत नाहीत.

कार्ड दाखवल्यावर काय होतं?

समजा, तुमच्या काकांना छातीत दुखायला लागलं. जवळच्या मोठ्या हॉस्पिटलमध्ये नेलं. डॉक्टर म्हणाले, अँजिओप्लास्टी करावी लागेल.

पहिला प्रश्न, हे हॉस्पिटल योजनेत आहे का? योजनेला 'अंगीकृत' रुग्णालय लागतं. सगळी खासगी हॉस्पिटलं त्यात नाहीत, आणि जी आहेत त्यांतली बहुतेक मोठ्या शहरांत आहेत. दुसरा प्रश्न, हा उपचार यादीत आहे का? अँजिओप्लास्टी, बायपास, डायलिसिस, किमोथेरपी हे आहेत. पण काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव ठेवलेले आहेत, ते खासगीत कार्डावर होत नाहीत. तिसरं, योजनेच्या काउंटरवरचा आरोग्यमित्र कागद घेतो, रेशन कार्ड आणि ओळखपत्र बघतो, आणि उपचाराला आधी ऑनलाइन मंजुरी घेतली जाते. तातडीच्या रुग्णासाठी ही मंजुरी फोनवरून घ्यायची सोय आहे.

मंजुरी मिळाली की प्रत्येक उपचाराचा एक ठरलेला दर हॉस्पिटलला मिळतो. याला पॅकेज म्हणतात. योजनेचा खरा जीव इथे आहे. दर परवडला तर हॉस्पिटल रुग्ण घेतं. परवडला नाही तर "बेड शिल्लक नाही" असं उत्तर येतं, किंवा "हे सामान पॅकेजमध्ये बसत नाही, तेवढे बाहेरून भरा" असं सांगितलं जातं. योजनेच्या नियमात रुग्णाकडून वरचे पैसे घेणं बसत नाही. पण काका आत असताना बाहेर नियमावर वाद घालायची ताकद कुणात असते?

आणि शेवटी, हॉस्पिटलला त्याचे पैसे कधी मिळतात? ७ ऑगस्ट २०२५ पासून हरियाणातल्या शेकडो खासगी हॉस्पिटलांनी आयुष्मानखाली उपचार थांबवले होते. कारण एकच, थकलेली बिलं. त्या दिवसांत तिथल्या माणसाच्या खिशात ५ लाखांचं कार्ड होतं. त्यावर १० लाख लिहिले असते तरी उपयोग शून्यच होता.

म्हणून कुणी नवा आकडा जाहीर केला की विचारायचं ते हे: माझ्या जिल्ह्यात या योजनेत हॉस्पिटलं किती? पॅकेजचे दर शेवटचे कधी वाढले? हॉस्पिटलची बिलं किती दिवसांत दिली जातात? अर्थसंकल्पात योजनेसाठी प्रत्यक्ष किती पैसे ठेवले? महाराष्ट्रात २०२५ मध्ये उपचारांची यादी २,३९९ पर्यंत न्यायचा निर्णय झाला, ही चांगलीच गोष्ट. पण यादी लांब झाली म्हणजे यवतमाळला किंवा नंदुरबारला ते उपचार करणारा डॉक्टर आला, असं होत नाही.

दुसरीकडे, जिथे पैसा आहे तिथे वाट चुकायचा धोकाही असतो. ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेत मांडलेल्या कॅगच्या अहवालात आयुष्मानच्या नोंदींमध्ये जवळपास साडेसात लाख लाभार्थी एकाच मोबाइल नंबरशी जोडलेले सापडले. नंबर होता दहा वेळा ९. सरकारने सांगितलं की ओळख मोबाइलवर नाही, आधारवर पटवली जाते, त्यामुळे नंबर चुकीचा असला म्हणून लाभार्थी खोटा ठरत नाही. ते बरोबर असेलही. पण आधी मेलेल्या म्हणून नोंद असलेल्या रुग्णांच्या नावे नंतर उपचार दाखवल्याचंही त्याच अहवालात होतं, आणि त्याचं उत्तर मोबाइल नंबरने देता येत नाही.

ज्या खर्चाला कार्ड चालत नाही

आता घरचा हिशेब मांडा. गेल्या वर्षभरात तुमच्या घरात दवाखान्यावर पैसे गेले ते कशावर? आईच्या बीपीच्या गोळ्या, बाबांची शुगर, मुलाचा ताप, रक्ताच्या तपासण्या, एखादी सोनोग्राफी, डॉक्टरांची फी. यातलं जवळपास काहीच या कार्डावर मिळत नाही. कार्ड चालतं ते दाखल झाल्यावर.

देशाचा हिशेबही तेच सांगतो. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ मध्ये भारतात आरोग्यावर झालेल्या एकूण खर्चातला ३९.४ टक्के लोकांनी थेट खिशातून केला. २०१३-१४ मध्ये हे प्रमाण ६४.२ टक्के होतं. घट मोठी आहे, ती नाकारायचं कारण नाही. फक्त २०२१-२२ हे कोविडचं वर्ष होतं आणि सरकारांना तेव्हा एरवीपेक्षा जास्त खर्च करावा लागला, हे लक्षात ठेवलेलं बरं. त्या वर्षी सरकारी खर्च जीडीपीच्या १.८४ टक्के होता. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत २.५ टक्क्यांचं लक्ष्य ठेवलं होतं. त्याच धोरणात राज्यांनी आपल्या बजेटच्या ८ टक्क्यांहून जास्त आरोग्यावर खर्च करावेत असंही आहे. महाराष्ट्र, देशातलं सगळ्यात मोठी अर्थव्यवस्था असलेलं राज्य, त्या ८ टक्क्यांपासून बराच लांब आहे. हे आजच्या सरकारबद्दल नाही. गेल्या वीस वर्षांत जवळपास सगळे पक्ष सत्तेत बसून गेले.

गोळ्यांचा प्रश्न सुटू शकतो का? तमिळनाडूने सोडवून दाखवला. १९९४ साली त्यांनी औषध खरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ काढलं. राज्यभराची औषधं एकत्र घाऊक भावात घ्यायची, गोदामात तपासायची आणि कुठल्या दवाखान्यात किती साठा उरलाय याची नोंद ठेवत पुरवत राहायची. राजस्थानने २०११ मध्ये मोफत औषधांची योजना आणली ती याच वाटेने. महाराष्ट्रात २०१७ मध्ये खरेदीचं काम हाफकिनकडे दिलं गेलं. लस बनवणाऱ्या संस्थेच्या गळ्यात औषधखरेदी बांधली. वर्षानुवर्षं तुटवड्याच्या तक्रारी येत राहिल्या आणि शेवटी २०२३ मध्ये कायदा करून वेगळं वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण उभं करायचं ठरलं. तमिळनाडूच्या जवळपास तीस वर्षं नंतर.

त्याच २०२३ मध्ये १५ ऑगस्टपासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत सगळे उपचार मोफत झाले, केस पेपरचे पैसेसुद्धा गेले. निर्णय खरंच चांगला होता. पण दोनच दिवस आधी, १३ ऑगस्टला, कळव्याच्या पालिका रुग्णालयात २४ तासांत १८ रुग्ण दगावल्याची बातमी आली होती. ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबरदरम्यान नांदेडच्या शंकरराव चव्हाण वैद्यकीय महाविद्यालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले, त्यात १२ नवजात बाळं होती. पुढच्या दिवशी हा आकडा ३१ वर गेला.

तेव्हा काय झालं आठवतं? एका खासदाराने अधिष्ठात्यांच्या हातात झाडू देऊन शौचालय साफ करायला लावलं आणि त्याचा व्हिडिओ दिवसभर फिरला. विरोधकांनी औषधांच्या तुटवड्यावर बोट ठेवलं, सरकारने तुटवडा नव्हता असं सांगितलं. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन रिक्त पदं आणि निधीबद्दल विचारणा केली. वर्षभराने, डिसेंबर २०२४ मध्ये, विधिमंडळात मांडलेल्या कॅगच्या अहवालाने राज्यात डॉक्टर, परिचारिका आणि तंत्रज्ञांची पदं मोठ्या प्रमाणात रिकामी असल्याचं नोंदवलं. तोवर निवडणूक होऊन गेली होती.

नांदेडच्या त्या बाळांना कार्डाची मर्यादा कमी पडली नव्हती. नवजात बाळांच्या विभागात लागते ती रात्रपाळीला पुरेशी माणसं, चालू असलेली उपकरणं, आणि त्याआधी तालुक्याच्या ठिकाणी अशी सोय की बाळाला शंभर किलोमीटर ॲम्ब्युलन्समधून आणावंच लागू नये. अशी एक परिचारिका नेमायची म्हणजे पुढची तीस वर्षं दर महिन्याला पगार, त्यानंतर निवृत्तीचे लाभ. त्यात कुठेही मर्यादा-बिर्यादा नाही, सगळा रोकडा खर्च. म्हणून कुठलंच सरकार "रिक्त पदं सहा महिन्यांत भरू" हे वाक्य पोस्टरवर तारखेसकट छापत नाही.

"पैसे आणणार कुठून" हा कमेंटमधला प्रश्न खरा विचारायचा तो इथे. आणि त्याचं उत्तर मागायचा हक्क आपल्याला आहे.

मग चिठ्ठीचं काय?

या सगळ्यात एक जुनी सोय अजून चालते: नेत्याचं पत्र. मुख्यमंत्री सहायता निधीतून मदत, धर्मादाय रुग्णालयात खाट, बिलात सवलत. आमदाराच्या कार्यालयात सकाळी जाऊन बसलं की अर्ध्याहून जास्त लोक दवाखान्याच्याच कामासाठी आलेले दिसतात. ज्याचं काम होतं तो आयुष्यभर विसरत नाही, आणि विसरू नयेच.

पण यातल्या बऱ्याच गोष्टींना पत्र लागतच नाही. राज्यातल्या धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवाव्यात, असं बंधन कायद्याने आणि उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या योजनेने २००६ पासून आहे. त्यासाठी रुग्णालयाने आपल्या बिलांमधले २ टक्के वेगळ्या निधीत जमा करायचे असतात. हा हक्क आहे, उपकार नाही. तरी लोकांना तो पत्राशिवाय मिळत नाही, कारण माहीत नसतो आणि काउंटरवर सांगितला जात नाही. पत्र देणाऱ्याला ही व्यवस्था अशीच राहिलेली फारशी खुपत नसावी, असा माझा संशय आहे.

कोणत्या निवडणुकीत कुणाला विचारायचं?

लोकसभा, विधानसभा, महापालिका, जिल्हा परिषद, सगळीकडे आरोग्यावर भाषणं होतात. पण काम वाटलेलं आहे.

आयुष्मान भारतचा खर्च केंद्र आणि राज्य ६०:४० उचलतात, पण फक्त केंद्राच्या यादीतल्या कुटुंबांपुरता. त्याबाहेरच्या, म्हणजे महाराष्ट्रातल्या बहुसंख्य कुटुंबांचा भार राज्यावर असतो. ग्रामीण रुग्णालयं आणि बहुतेक ठिकाणची सिव्हिल हॉस्पिटलं राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाकडे. नांदेड किंवा संभाजीनगरचं घाटी यांसारखी वैद्यकीय महाविद्यालयं राज्याच्याच, पण वेगळ्या, वैद्यकीय शिक्षण विभागाकडे. गावचं प्राथमिक आरोग्य केंद्र आणि उपकेंद्र जिल्हा परिषदेकडे. शहरातला दवाखाना आणि प्रसूतिगृह महापालिकेकडे.

आईच्या बीपीच्या गोळ्या जिथे मिळायला हव्यात, ती जागा या यादीत सगळ्यात खाली आहे. आणि त्या खालच्या निवडणुकीतच आरोग्यावर सगळ्यात कमी बोललं जातं. तिथे गटार, पाणी, रस्ता आणि जात यांतच सभा संपते. प्रचाराला दारात आलेल्या उमेदवाराला वॉर्डातल्या दवाखान्यात डॉक्टर किती वाजता येतात एवढं विचारून बघा. बहुतेकांना उत्तर माहीत नसतं, पण पुढच्या खेपेला ते माहिती काढून येतात.

आणि तुमच्या कार्डाबद्दल आत्ताच खात्री करायची असेल तर महात्मा फुले योजनेचा हेल्पलाइन नंबर १५५३८८ आहे, आयुष्मान भारतचा १४५५५. हॉस्पिटल योजनेत आहे का, तुमच्या आजाराचा उपचार यादीत आहे का, तो खासगीत चालतो की फक्त सरकारीत, हे तिन्ही प्रश्न विचारा. घरात कुणी ७० वर्षांवरचं असेल तर त्यांचं वय वंदना कार्ड वेगळं काढावं लागतं, त्याला रेशन कार्डाच्या रंगाची अट नाही, आधार पुरतं. हॉस्पिटलने कार्डावर दाखल करून वर पैसे मागितले तर पावती मागा आणि त्याच नंबरवर तक्रार नोंदवा.